डाव्या हाताचा क्लच

हडको, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२४

पुंडलिकभाऊ,
सप्रेम जय भीम.

तुमचा पत्ता आकाशकडून मागून घेतला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, असं तो म्हणाला. "काकू, पत्रच टाका. बाबा कागदावरचं सगळं वाचतात, औषधाच्या खोक्यावरचंसुद्धा." शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवून मला सत्तावीस वर्षं झाली, पण स्वतः लिहायला बसले तर मायन्याच्या पुढं हात जाईना.

हे गेल्यावर महिन्याभरात तुम्ही पुण्याला मुलाकडं गेलात. त्यानंतर आपलं बोलणं नाही. तक्रार करत नाही, नुसतं लिहिते.

विचारायचं आहे ते गाडीबद्दल. पद्मिनी शेडमध्ये आहे. हर्सूलचे सांडूभाऊ मिस्त्री पंधरा दिवसांतून येऊन तिला चालू करून जातात. परवा ते म्हणाले, हिचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढून आजच्या एखाद्या लहान गाडीचं ऑटोमॅटिक बसवता येईल. क्लच नाही, गियर नाही, स्टेअरिंगही हलकं. "ताई, बॉडी वही रहेगी, अंदर सब नया. मख्खन चलेगी." त्यासाठी खालचा पत्रा मधोमध कापावा लागेल. एकदा कापला की गाडी पुन्हा मूळची होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. एक इंजिन त्यांच्या पाहण्यात आहे. डिसेंबरअखेर हो की नाही कळवायचं आहे.

तुम्ही दोघांनी अकरा वर्षांचे रविवार घालून ती कंपनीतून निघाली तशी केलीत. तुम्हाला विचारल्याशिवाय तिला हात लावू नये असं वाटलं. ह्यांना काय वाटलं असतं, ते तुम्हीच सांगू शकता.

सुलेखा

*

चिखली, पुणे
२० नोव्हेंबर २०२४

वहिनी,
जय भीम.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. नाय. कापायची नाय.

राग मानू नका. पण ती गाडी चितेगावच्या त्या बंद कारखान्यातून आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसली होती. मालक म्हणला, कोंबडी सोडून बाकी सगळं तुमचं. तिथून सुरुवात. प्रत्येक नट घासलेटमधी धुऊन, चिंधीवर नाव लिहून बांधून ठेवला. दाराच्या रबरासाठी आम्ही दोघं मालेगावपर्यंत जाऊन आलो. राजेंद्रनं बाहेरचा एक स्क्रू लावू दिला नाय. मी म्हणायचो, अरे कंपनीच्या टूलरूममधी तसाच घडवून देतो, कुणाला कळतंय? तो म्हणायचा, मला कळंल. आता तिच्या पोटात दुसऱ्याच गाडीचं काळीज बसवायचं? मग ती कोणती गाडी म्हणायची?

ही कल्पना तुमच्या लेकीची, मोनिकाची असणार. हैदराबादला राहून पोरीला जुन्या गाडीत फोटो काढायची हौस आली असंल, नायतर लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायची असंल. ऑटोमॅटिकच पाहिजे तर बाजारात ढीग पडलाय. नवी घ्या. हिला राहू द्या.

माझं ठीक आहे. दहावा मजला. आकाश आणि सूनबाई आठला जातात ते आठला येतात. गॅलरीत कुंडी जरी सरकवली तरी सूनबाई हातानं खुणावते, बाबा राहू द्या. चांगली आहे पोरगी. पण राहू द्या, राहू द्या करता करता माणसाचं सगळंच राहून जातं. इथं पान्याला हात लावायला जागा नाय. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवलंय.

कापू नका, एवढंच.

पुंडलिक

*

हडको
२ डिसेंबर २०२४

पुंडलिकभाऊ,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. मग लक्षात आलं, चूक माझी आहे. खरं कारण मी लिहिलंच नव्हतं.

मोनिकाचा ह्यात काही संबंध नाही. ती तर म्हणते, विकून टाक. गाडी मला चालवायची आहे.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी बसले होते ती रिक्षा कलंडली. डावा पाय खाली आला. दोन ऑपरेशनं झाली, आत सळई आहे. चालता येतं, काठीनं. पण गुडघा वाकत नाही आणि आता वाकणार नाही. आकाशला मीच म्हटलं होतं, बाबांना कळवू नकोस, ते कशाला तिकडून निघतील. आता वाटतं, तुम्ही निघाला नसता तर मला वाईट वाटलं असतं, म्हणून कळवलं नाही.

क्लच दाबायला डावा पाय लागतो. म्हणून ऑटोमॅटिक.

नवी गाडी घ्या म्हणता. पैसे आहेत. पण नवी गाडी घेतली तरी ही शेडमध्ये राहणार आणि मी रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसत राहणार. दोन वर्षं तेच करते आहे. शाळेत जायला सोबतच्या बाईंची गाडी, दवाखान्यात जायला शेजारच्यांची. सगळे चांगले आहेत. पण कुणाला तरी विचारल्याशिवाय मी ह्या घराच्या फाटकाबाहेर गेलेली नाही.

आणि अजून एक. अकरा वर्षं दर रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुम्हा दोघांना बघितलं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून दोघांचं बोलणं हातांनी, तुम्ही दोघं कामाला होतात त्या प्रेसशॉपच्या खुणांनी. मूठ वळली की दाब, एक बोट वर केलं की थांब, एवढं मला कळायला लागलं होतं. बाकी काही नाही. आवाज न करता तुम्ही दोघं हसायचात. हे खिडकीकडं बोट करायचे, मग दोन बोटं डोळ्यांवर ठेवायचे, की तुम्ही एकदम वाकून कामाला लागायचात. मी चहा खिडकीतून द्यायची. आत ये, असं कुणी म्हटलं नाही. ती खूण माझ्याबद्दल होती, एवढं नक्की.

मूळची गाडी, मूळची गाडी म्हणता. माझ्यासाठी ती मूळपासूनच खिडकीपलीकडची आहे. मला एकदा आत बसायचं आहे, चालवणाऱ्याच्या जागेवर. म्हणून विचारते आहे, हट्ट म्हणून नाही.

सुलेखा

*

चिखली
१९ डिसेंबर २०२४

वहिनी,

पायाचं वाचून आकाशवर ओरडलो. तो म्हणला, बाबा, काकूंनी शपथ घातली होती. मला पाठीमागं टाकून तुम्ही सगळे शहाणे झालात.

आधी त्या खुणेचं. डोळ्यावर दोन बोटं म्हणजे 'क्वालिटीवाले आले, काम नीट कर'. कंपनीत क्वालिटीचा साहेब लाइनवर आला की आम्ही एकमेकाला तशी खूण करायचो. तुम्ही खिडकीत आलात की राजेंद्र ती करायचा. तुमचं नावच क्वालिटी पडलं होतं. त्यात दुसरं काही नव्हतं, आईची आण. पण आत बोलवायचं सुचलं नाय, ते खरं. माफ करा म्हणायला तोंड नाय.

आता जे लिहितो ते दोन वर्षं छातीवर आहे. ह्याच्याच लाजेनं तुमच्याकडं आलो नाय.

गाडी सगळी झाली होती. रंग, सीट, वायरिंग. फक्त स्टेअरिंगलगतचा गियरचा दांडा राहिला होता, पांढऱ्या मुठीचा. तो मिळंना. मी अर्ध्या पाळीत करून दिला असता, पण राजेंद्रला कंपनीचाच पाहिजे होता. ऑक्टोबर एकवीसमधी जालन्याच्या भंगारात मला तो मिळाला. अस्सल. पिशवीत टाकला. रविवारी तुमच्याकडं आलो. राजेंद्रनं हातानं विचारलं, काय मिळालं? मी हात हलवला. काय नाय.

का केलं? दांडा बसला की गाडी पुरी. गाडी पुरी झाली की रविवार संपले. आकाशची आई, कडूबाई, जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. आकाश पुण्यात. सोमवार ते शनिवार ऐकू येत नसलेल्या माणसाशी कोण बोलतं? रविवारी राजेंद्रचे हात बोलायचे, तेव्हा मला कान नाय हे ध्यानातबी राहायचं नाय. वाटलं, अजून एक रविवार. मग अजून एक. असे चौदा महिने तो दांडा माझ्या पिशवीत होता. बावीसच्या डिसेंबरात दिला. म्हणलो, आजच मिळाला. त्यानं मला मिठी मारली, वहिनी.

जानेवारीत गाडी रस्त्यावर आली आणि एकोणीस दिवसांत तो गेला. मी चौदा महिने अडवले नसते तर त्यानं चौदा महिने ती चालवली असती. तुम्ही बाजूला बसला असता.

म्हणून 'कापू नका' म्हणलो. गाडीच्या प्रेमानं नाय. ती जशीच्या तशी राहिली तर मी त्याचे चौदा महिने खाल्ले ते कुणाला दिसणार नाय, असं काहीतरी.

तुमचा काय निर्णय होईल तो मान्य आहे. पण सांडूमिस्त्रीला हो म्हणायच्या आधी एक ऐका. डाव्या हातानं क्लच दाबता येतो. बजाजच्या स्कूटरला असतो तसा क्लचचा लिव्हर गियरच्या दांड्यालाच बसवायचा, तिथून वायर खाली पॅडलला. लिव्हर दाबायचा आणि तोच हात न सोडता गियर टाकायचा. पत्रा कापायला लागत नाय. विचार करा.

पुंडलिक

*

चिखली
३ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

पत्र मिळालं का? पोस्टमनला विचारलं, तो म्हणतो काका, गेलं असंल.

मिळालं असंल तर उत्तर देऊ नका, चालंल. फक्त पाय कसा आहे, तेवढं आकाशला कळवा.

पुंडलिक

*

हडको
१ मार्च २०२५

पुंडलिकभाऊ,

पत्र डिसेंबरातच मिळालं होतं. सांडूभाऊंना मी 'थांबा' म्हणून कळवलं आणि तुम्हाला काहीच कळवलं नाही.

जानेवारीभर मी तुमच्यावर इतकी चिडले होते की शेडचं कुलूपसुद्धा काढलं नाही. चौदा महिने म्हणजे किती रविवार, ते कॅलेंडर घेऊन मोजले. मी बाजूला बसले असते, असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. कारण ते खोटं आहे आणि हे फक्त मला माहीत आहे.

तेवीसच्या पाच फेब्रुवारीचा रविवार. तुम्ही त्या दिवशी आला नव्हतात, तुम्हाला ताप होता. ह्यांनी सकाळीच गाडी धुतली, इस्त्रीचा शर्ट घातला, गाडी फाटकाशी आणून उभी केली आणि हॉर्न वाजवला. मी बाहेर आले. म्हणाले, "चल, हर्सूलच्या तलावापर्यंत जाऊन येऊ. आपण दोघं, पहिल्यांदा." मी म्हटलं, "कपडे भिजत घातलेत."

कपडे भिजत घातले नव्हते, भाऊ. अकरा वर्षं बोलावलं नाही आणि आता हॉर्न वाजवला की लगेच जायचं का, असं मनात आलं. वाटलं, पुढच्या रविवारी जाऊ. जरा कळू दे. ते "बरं" म्हणाले. दहा मिनिटं तसेच गाडीत बसले, मग गाडी मागं घेऊन शेडमध्ये लावली. गुरुवारी गेले.

तुम्ही चौदा महिने अडवलंत. मी एक रविवार. ह्यातलं कुणाचं मोठं, मला सांगता येत नाही. तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण मग मला कुणी करायचं?

काल कुलूप काढलं आणि पहिल्यांदा चालवायच्या जागेवर बसले. डावा पाय सरळच ठेवावा लागतो, पण पुढची सीट अख्खी आहे, जरा तिरकं बसलं की जमतं. डावा हात गियरच्या पांढऱ्या मुठीवर आपोआप गेला. सांडूभाऊ म्हणतात, ऑटोमॅटिकमध्ये डाव्या हाताला कामच नाही, आराम. मला आराम नको आहे. दोन वर्षं तोच चालला आहे.

तुमचा क्लचचा लिव्हर बसवायला काय लागेल, ते लिहा.

सुलेखा

*

चिखली
१४ मार्च २०२५

वहिनी,

तुमचं पत्र हातात घेऊन बसलो होतो. सूनबाईनं खुणेनं विचारलं, बाबा, काय झालं? मी म्हणलो, काय नाय, क्वालिटीचं पत्र आहे.

सोबत चित्र काढून पाठवतो. लिव्हर बसवायला गियरच्या दांड्याला दोन भोकं पाडावी लागतील. क्लिपनं नुसता आवळून भागणार नाय, फिरतो. आकाशच्या स्कूटरच्या दांडीवर करून बघितलं, शिव्या खाल्ल्या.

पण मूळ दांड्याला भोक पाडायला हात धजत नाय. मी असं करतो. ओळखीच्या लेथवर अगदी तसाच नवा दांडा करून आणतो. भोकं त्याला पाडू. जुना काढून कपडा गुंडाळून कपाटात ठेवा. उद्या कुणाला गाडी पुन्हा मूळची करायची झाली तर दोन बोल्टांचं काम.

पुंडलिक

*

हडको
२२ मार्च २०२५

पुंडलिकभाऊ,

नवा दांडा करू नका. जुन्यालाच भोकं पाडा.

चौदा महिने तो पिशवीत होता, दोन वर्षं कुलपात. आता परत कपाटात नको. उद्या कुणाला गाडी मूळची करायची असेल तर त्या माणसाला आमच्या घरात काय काय झालं, ते दोन भोकांवरून कळलं तरी चालेल.

एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागेल. तेव्हा या. आकाशला सांगा, मी शपथ घातली आहे.

सुलेखा

*

हडको
१७ ऑगस्ट २०२५, रविवार

पुंडलिकभाऊ,
सप्रेम जय भीम.

तुम्ही परत जाऊन साडेतीन महिने झाले. मध्ये दोन पत्रं अर्धी लिहून ठेवली, टाकली नाहीत. सांगण्यासारखं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तुम्ही चार दिवस होतात तेव्हा घरात आवाज नव्हता, तरी घर भरलेलं होतं. शेडमध्ये स्टूल टाकून बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की खिडकीतून दिसायचं त्यापेक्षा आत अंधार जास्त आहे आणि घासलेटचा वास डोक्यात जातो. इतकी वर्षं मला वाटायचं, आत काहीतरी सुख चाललं आहे. तुम्ही दोघं नुसते घामाघूम होत होतात. ड्रिल माझ्या हातात देऊन तुम्ही मूठ वळून दाखवलीत तेव्हा माझं भोक तुमच्यापेक्षा सरळ पडलं, हे मी कुणालाही सांगणार आहे.

तुम्ही गेल्यावर सांडूभाऊंनी रोज सकाळी तासभर शेजारी बसून शिकवलं. "ताई, क्लच छोडो, मेरी जान मत छोडो," असं ओरडायचे. जूनमध्ये आरटीओत गाडी दाखवली. तिथले साहेब लिव्हर दाबून बघत होते, म्हणाले, हे कोणत्या कंपनीचं किट? मी म्हटलं, कंपनी नाही, आमचे पुंडलिकभाऊ. त्यांनी कागदावर काय लिहिलं देव जाणे, पण परवाना आला. तुमच्या चित्राची झेरॉक्स त्यांनी फायलीत लावून घेतली आहे.

आज सांडूभाऊंना बोलावलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. सकाळी फाटक स्वतः उघडलं, गाडी बाहेर काढली, उतरून फाटक लावलं, पुन्हा बसले. एवढ्याला दहा मिनिटं लागली. हर्सूल टी-पॉइंटला सिग्नलवर बंद पडली. मागं हॉर्नच हॉर्न. एक रिक्षावाला खिडकीशी आला. रिक्षा बघूनच मला घाम फुटला होता. तो म्हणाला, "काकू, धक्का मारू का?" मी म्हटलं, "नको, घाबरलेय फक्त मी, गाडी ठीक आहे." तो हसला आणि मागच्यांना हात करून थांबवून उभा राहिला. दुसऱ्या किल्लीत चालू झाली.

पुढं तुरुंगाच्या भिंतीजवळून, जटवाडा रोडनं तलावापर्यंत गेले. पाणी भरपूर आहे. अर्धा तास थांबले. सगळे जोडीनं नाहीतर मुलांना घेऊन आलेले. एका बाईनं विचारलं, "गाडी कुणाची?" मी म्हटलं, "माझी." म्हणून झाल्यावर वाटलं, हे बोलायला शेजारी कुणीतरी हवं होतं, निदान "आमची" म्हटलं असतं. हॉर्न वाजला तेव्हा मी आले असते तर इथं कुठं गाडी लावली असती, ते बघत बसले. झाडाखाली लावली असती, ह्यांना रंगाची काळजी. मग मीही गाडी काढून झाडाखाली लावली. पाच मिनिटं. मग निघाले.

तिसऱ्या गियरला लिव्हर अजून थोडा अडकतो. त्यासाठी तुम्हाला यावं लागेल, असं लिहिणार होते. पण खरं सांगते, तेल दिलं की अडकत नाही. तरीही या.

आता शेडमध्ये आहे. घरात जाऊन "आले" म्हणायला कुणी नाही, म्हणून खाली उतरलेच नाही. वही मांडीवर घेऊन इथंच लिहिते आहे. मोनिकाला फोन लावणार होते, नाही लावला. तुम्हाला हे पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतील. तेवढे दिवस मी एकटी कुठवर जाऊन आले, ते फक्त मला माहीत असेल. इंजिन गार होताना टक् टक् वाजतं, तुम्हाला ते कधी ऐकू आलं नसेल. आत्ता वाजतंय. थांबलं की उतरेन.

सुलेखा